२०२वी स्ट्रॉबेरी

‘सेलेस्ट’ हा गेम सुरू करून थोडा वेळ झाला की पडद्यावर एक सूचना येते. वाटेत दिसणाऱ्या स्ट्रॉबेऱ्या गोळा केल्या तर मित्रांवर छाप पडेल, बाकी काही मिळणार नाही, तेव्हा मनापासून वाटलं तरच त्यांच्या मागे लागा, असा तिचा आशय. अवघड गेम ‘शंभर टक्के’ पूर्ण करणाऱ्यांना नावं ठेवणाऱ्यांच्या हातात ही सूचना आयतीच पडली आहे. बनवणाऱ्यांनीच सांगितलंय ना, काही मिळत नाही म्हणून? मग पुढचे शेकडो तास कशासाठी?

हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो आणि तो घेणारी माणसं पोराचं भलंच चिंतत असतात. त्यांचं म्हणणं सरळ मांडायचं तर असं: गोष्ट संपली, श्रेयनामावली सरकून गेली, की गेम संपला. पुढे उरतो तो निव्वळ हट्ट. श्रम खरे, बक्षीस खोटं. एवढी चिकाटी अभ्यासात, गाण्यात किंवा धंद्यात लावली असती तर काहीतरी उभं राहिलं असतं.

ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण पूर्ण करणं म्हणजे नेमकं काय, हे न पाहताच ते बोललं जातं. म्हणून आधी ते पाहायला हवं.

मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी या दोघांनी ऑगस्ट २०१५मध्ये चार दिवसांत ‘पिको-८’ या छोटे गेम बनवायच्या प्रणालीवर एक इवलासा गेम केला. एक मुलगी, एक डोंगर, वर चढायचं. त्यातूनच जानेवारी २०१८मध्ये पूर्ण ‘सेलेस्ट’ आला. मॅडेलिन नावाची तरुणी चिंता आणि नैराश्याशी झगडत सेलेस्ट डोंगर चढते, एवढीच गोष्ट. हातात तीन क्रिया: उडी, भिंतीला पकड आणि हवेतल्या हवेत एका दिशेला झेप, म्हणजे डॅश. हवेत डॅश एकदाच. पाय जमिनीला टेकले की पुन्हा मिळतो. काट्याला नुसता स्पर्श झाला तरी मरण, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच त्याच पडद्याच्या सुरुवातीला मॅडेलिन पुन्हा उभी. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम स्वतंत्र गेमचा मान ‘सेलेस्ट’ला मिळाला.

सातव्या प्रकरणात शिखर येतं आणि गोष्ट संपते. बहुतेक जण इथे थांबतात, आणि त्यात काहीही कमी नाही. पण प्रत्येक प्रकरणात एक कॅसेट लपवलेली असते. ती सापडली की त्या प्रकरणाची ‘बी-साइड’ उघडते. तीच जागा, पण कितीतरी अवघड, आणि संगीतही वेगळं. मूळ संगीत लीना रेन यांचं. बी-साइडला तेच निरनिराळ्या संगीतकारांनी आपापल्या ढंगात पुन्हा बांधलं आहे. त्यानंतर ‘सी-साइड’, मोजून तीन-तीन पडद्यांची, पण श्वास रोखायला लावणारी. मग आठवं प्रकरण ‘कोअर’. आणि सप्टेंबर २०१९मध्ये विनामूल्य दिलेलं नववं, ‘फेअरवेल’. लाल स्ट्रॉबेऱ्या १७५. आठ प्रकरणांच्या तिन्ही बाजूंना एकेक सोनेरी, म्हणजे २४. फेअरवेलची सोनेरी एक. पहिल्या प्रकरणात एकदाही डॅश न वापरता मिळणारी पंखवाली सोनेरी एक. आणि एक ‘मून बेरी’. बेरीज २०२.

यातली सोनेरी स्ट्रॉबेरी हा या वादाचा गाभा आहे. ती प्रकरणाच्या अगदी सुरुवातीलाच तरंगत असते. ती घेतली की मॅडेलिनच्या पाठोपाठ येत राहते. वाटेत एकदा जरी मेलात, तरी मधला एकही टप्पा जमेस धरला जात नाही. पुन्हा प्रकरणाच्या पहिल्या पडद्यावर. अख्खं प्रकरण न मरता पार केलं तरच ती तुमची. आणि मिळालं काय? पाटीवरचा आकडा एकाने वाढला.

आता पहिल्या मुद्द्याकडे: बक्षीस क्षुल्लक आहे, म्हणून श्रम वाया गेले.

बक्षीस क्षुल्लक ठेवण्याची परंपरा या क्षेत्रात जुनी आहे. १९९६च्या ‘सुपर मारिओ ६४’मध्ये १२०च्या १२० तारे जमवले की किल्ल्याबाहेरची तोफ उघडते. तिच्यातून छपरावर गेलं की तिथे योशी भेटतो आणि १०० जीव देतो. ते जीव खर्चायला आता काही उरलेलंच नसतं! ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने तर टोक गाठलं. अख्ख्या राज्यात विखुरलेली, कोरोक नावाच्या छोट्या जीवांची ९०० बीजं शोधून काढणाऱ्याच्या हाती विष्ठेच्या आकाराची एक सोनेरी वस्तू ठेवली जाते. आक्षेपकांना यात खेळाडूची थट्टा दिसते. पण या गेमच्या कर्त्यांना आपला खेळाडू नीट कळला होता. बक्षिसाच्या आमिषाने माणसाचं काय होतं, याचं उदाहरण मानसशास्त्राच्या प्रयोगांतही सापडतं.

१९७३मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत प्रयोग केला. चित्र काढायला मनापासून आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी तारा आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते नंतर अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे मुलांना मोकळ्या वेळात हवं ते करू दिलं, तेव्हा बक्षिसाचं आश्वासन मिळालेली मुलं रंगीत पेनांकडे इतरांपेक्षा सुमारे निम्म्यानेच फिरकली. आवडीची गोष्ट कामगिरी झाली आणि आवड पातळ झाली.

सोनेरी स्ट्रॉबेरीने नवी शक्ती दिली असती, बंद दार उघडलं असतं, तर ती प्रत्येकाला घ्यावीच लागली असती. मग २०२चा आकडा ही सक्ती झाली असती आणि ‘सेलेस्ट’ एक जुलमी गेम ठरला असता. ती निरुपयोगी आहे म्हणूनच ती घेणाऱ्याला कोणी ढकललेलं नसतं. लाल स्ट्रॉबेऱ्यांचंही तसंच. शेवटी त्यांचा गोड पदार्थ भाजला जातो, जितक्या जास्त तितका तो देखणा. सगळी मंडळी एकत्र बसून तो खातात आणि तेवढ्यावर विषय संपतो.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे: गोष्ट संपल्यावर गेमकडे देण्यासारखं काही उरत नाही.

हे सरळसरळ चूक आहे, आणि ‘सेलेस्ट’च्या बाबतीत तर पुराव्यानिशी चूक. गेमच्या शेवटाकडच्या भागांत अशा काही उड्या शिकवल्या जातात की खेळाडू चक्रावून जातो. भिंतीलगत सरळ वर डॅश मारून त्याच क्षणी भिंतीवरून उडी घेतली तर मॅडेलिन नेहमीपेक्षा कितीतरी उंच फेकली जाते, हा ‘वॉलबाउन्स’. हवेतून तिरका खाली डॅश मारून जमीन लागताच नेमक्या क्षणी उडी घेतली तर प्रचंड वेगाने लांब झेप मिळते, शिवाय वापरलेला डॅश परत हातात येतो, हा ‘वेव्हडॅश’. फेअरवेलमध्ये तो समजावून सांगायला चक्क एका संगणकावर पान उलटत जाणारं सादरीकरण ठेवलं आहे.

आणि या उड्या नव्या नाहीत. कुठली कळ वाढलेली नाही, मॅडेलिनला कुठले जादूचे बूट मिळालेले नाहीत. हे सारं पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या पडद्यापासून तुमच्या हातात होतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं, इतकंच. सोनेरी स्ट्रॉबेरीसाठी माणूस जेव्हा पहिल्या प्रकरणातल्या ओसाड शहरात परततो, तेव्हा ज्या दरीपुढे तो महिन्यापूर्वी वीसदा मेला होता ती दरी तो मध्येच, न थांबता, दुसऱ्याच वाटेने ओलांडतो. जागा तीच, काटे तेच. बदललेला असतो तो हात. हे बक्षीस पाटीवर मांडता येत नाही म्हणून ते खोटं ठरत नाही.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण अवघड गेम म्हणजे निर्दय गेम असा समज पक्का झालेला आहे. ‘सेलेस्ट’ खेळाडूला पदोपदी सांभाळून घेतो, आणि कसं ते थॉर्सन यांनी नंतर जाहीरपणे उलगडून सांगितलं. कड्यावरून पाय सुटल्यावरही सेकंदाचा साधारण दहावा भाग उडी मारता येते. जमीन लागण्याच्या किंचित आधी कळ दाबली, तरी गेम ती लक्षात ठेवतो आणि पाय टेकताच उडी देतो. उडी घेताना डोकं एखाद्या कोपऱ्याला निसटतं लागलं तर गेम मॅडेलिनला अलगद बाजूला सरकवतो. भिंतीपासून दोन पिक्सेल दूर असलात तरी भिंतीवरून उडी मिळते. वरवर खेळणाऱ्याला यातलं काहीही जाणवत नाही. पण एकच प्रकरण शंभर वेळा चढणाऱ्याला कधीतरी कळतं की हा डोंगर आपल्या बाजूने आहे. बनवणाऱ्यांच्या कारागिरीची ही ओळख घाईघाईत होत नाही. एखादी बंदिश वर्षभर घोळवल्यावर तिच्यातली एखादी जागा अचानक उमगावी, तसं ते उमगणं असतं.

मरणाचंही तसंच. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी गेम तुमच्या मरणांचा आकडा दाखवतो, आणि वाटेत एका पोस्टकार्डावर सांगतो की या आकड्याचा अभिमान बाळगा. जितके मेलात तितकं शिकलात. जिथे दहावीतले टक्के आयुष्यभर पाठ सोडत नाहीत आणि एका विषयातलं अपयश नातेवाइकांपासून लपवावं लागतं, त्या समाजातल्या मुलाने ‘माझी दोन हजार मरणं झाली’ असं हसत सांगावं, ही साधी गोष्ट नाही. एडमंड मॅकमिलन आणि टॉमी रेफेनेस यांच्या २०१०च्या ‘सुपर मीट बॉय’नेही हे ओळखलं होतं. लेव्हल जिंकली की त्यात तुमचे सगळे फसलेले प्रयत्न एकाच वेळी पडद्यावर धावतात. मांसाचे पन्नास-साठ गोळे उड्या मारतात, करवतींवर फुटत जातात आणि अखेर एकटा पोचतो. तो एकटा त्या पन्नासांच्या जोरावर पोचला, हे दिसतं.

गोष्टीचं काय? तीही शिखरावर संपत नाही. फेअरवेलमध्ये, डोंगरावर मॅडेलिनला भेटलेली म्हातारी वारलेली आहे आणि मॅडेलिनला ते मान्य करता येत नाही. एका पक्ष्याचा पाठलाग करत ती शंभराहून जास्त पडदे पार करत जाते. उत्तरार्धातल्या टप्प्यांची नावं निर्धार, हट्ट, समेट आणि निरोप अशा अर्थाची आहेत. खेळणारा हट्टाच्या टप्प्यावर खरोखरच हट्टाला पेटलेला असतो. आपण का सोडत नाही आहोत, हा मॅडेलिनचा प्रश्न आणि कंट्रोलर धरून बसलेल्याचा प्रश्न तिथे एकच होतो. एवढ्या अवघडपणाशिवाय हा परिणाम साधलाच नसता. सोप्या वाटेवरून चालत जाणाऱ्याला हट्टाविषयी काय सांगणार?

या प्रकरणाच्या शेवटी मॅडेलिनच्या खोलीचं एक दृश्य येतं. त्यात एक जुना फोटो आहे, औषधं आहेत, छोटे झेंडे आहेत. ते पाहून खेळाडूंनी अंदाज बांधले, आणि नोव्हेंबर २०२०मध्ये थॉर्सन यांनी लिहून स्पष्ट केलं की मॅडेलिन ट्रान्स स्त्री आहे. गेम घडवत असताना आपल्याला स्वतःचीही ओळख उलगडत गेली, हेही त्यांनी सांगितलं. शिखरावर थांबलेल्याला मॅडेलिनची स्वतःशीच चाललेली लढाई दिसली होती. ती लढाई आणखी कशाकशाविषयी असू शकते, याची खूण गेमच्या सगळ्यात खडतर वाटेच्या टोकाला ठेवलेली होती. ‘गोष्ट संपली की गेम संपला’ म्हणणाऱ्यांनी निदान गोष्ट कुठे संपते ते तरी तपासायला हवं होतं.

ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीच्या २०१७च्या ‘हॉलो नाइट’मध्येही असंच आहे. करवती आणि काट्यांनी भरलेली ‘पाथ ऑफ पेन’ ही गुप्त वाट पार केली की एक अगदी छोटं दृश्य दिसतं: राजा आणि त्याने वाढवलेलं लेकरू, एकमेकांकडे पाहणारे. शब्द नाही. त्या राजाला जिव्हाळा होता का, हा सबंध गेमभर छळणारा प्रश्न तिथे हलतो. यूट्यूबवर ते दृश्य अर्ध्या मिनिटात पाहता येतं, हे खरं. पण कळसूबाईचा फोटो पाहिलेल्याला आपण कळसूबाईला जाऊन आलो असं वाटत नाही, आणि तिथून उतरून आलेल्याला ‘वरून काय आणलंस?’ असंही कोणी विचारत नाही.

आता चिकाटीचा मुद्दा. ‘हीच चिकाटी अभ्यासात लावली असती तर’. याला उत्तर देताना गेमचे समर्थक नेहमी एका सापळ्यात अडकतात. गेममुळे एकाग्रता वाढते, हात आणि डोळ्यांचा मेळ सुधारतो, पुढे नोकरीत उपयोग होतो, असं ते सांगू लागतात. हा बचाव सोडून द्यावा. तो मान्य केला की उपयोग हीच कसोटी मान्य केल्यासारखं होतं, आणि त्या कसोटीवर गेमच काय, कॅरमही टिकणार नाही. बर्नार्ड सुट्स या तत्त्वज्ञाने १९७८च्या आपल्या पुस्तकात खेळाची व्याख्याच अशी केली की खेळणं म्हणजे अनावश्यक अडथळे स्वखुशीने पत्करणं. चेंडू खळग्यात घालायचाच असेल तर हाताने नेऊन टाकणं सगळ्यात सोपं. तरी लोक काठी घेऊन दुरून मारतात, कारण त्याशिवाय गोल्फ होत नाही. मल्लखांबावर चढणाऱ्याला खांबाच्या टोकावर काही ठेवलेलं नसतं, हे आपल्याला समजतं. कंट्रोलर हातात आला की हीच समज नाहीशी का व्हावी?

व्यसनाची भीती मात्र झटकून टाकण्यासारखी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२पासून लागू झालं, ‘गेमिंग डिसऑर्डर’ला स्थान आहे. पण त्याची लक्षणं वाचावीत: खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी आयुष्यापेक्षा खेळाला वाढतं प्राधान्य मिळणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण बारा महिने चालणं. त्यात अवघड गेम पूर्ण करण्याचा उल्लेख नाही. रात्रीची झोप, परीक्षा, नोकरी पणाला लावून सोनेरी स्ट्रॉबेरीमागे धावणाऱ्याला थांबवायलाच हवं. त्याच्याविषयीची काळजी खरी आहे.

पण ‘गेमिंग’ या एका शब्दाखाली आपण काय काय कोंबलं आहे? २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळले जाणारे सामाजिक खेळ कायद्याने वेगळे धरले. संसदेला जो फरक दिसला तो घरातही दिसायला हवा. पैसे लावायला लावणारं ॲप तुम्ही कधीच संपवू नये अशाच बेताने रचलेलं असतं. त्याला शेवटचा पडदा नसतो, उद्या पुन्हा या म्हणून रोजचं बक्षीस असतं. ‘सेलेस्ट’ एकदाच विकत घ्यायचा. त्यात रोज हजेरी लावायची नाही, आणखी पैसे टाकून काही सोपं करून घ्यायचं नाही, आणि २०२वर आकडा थांबतो. पूर्ण करण्याची इच्छा ही पुरी होऊ शकणाऱ्या गोष्टीविषयीची इच्छा आहे. जुगाराच्या ॲपला ही इच्छा नकोशी असते.

वाद एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण पूर्ण करणाऱ्यांच्या गोटातही एक चुकीचा सूर आहे आणि तोही खोडून काढायला हवा. ‘सेलेस्ट’मध्ये असिस्ट मोड आहे. त्यात गेमचा वेग निम्म्यापर्यंत उतरवता येतो, पकडीचा दम संपू न देता चढता येतं, हवे तितके डॅश घेता येतात, अगदी अमरही होता येतं. ज्याच्या हाताला कंप आहे, ज्याची दृष्टी मंद आहे, ज्याला संध्याकाळी अर्धाच तास मिळतो, त्यालाही मॅडेलिनसोबत वर जाता यावं म्हणून कर्त्यांनी ही सोय मुद्दाम ठेवली. काही कडवे खेळाडू तिला फसवणूक म्हणतात. त्यांना असं वाटतं की दुसऱ्याला वाट सोपी झाली तर आपलं चढणं स्वस्त होतं. असं असेल तर त्यांच्या हाती खरोखरच फक्त स्ट्रॉबेऱ्या लागल्या. आणि गेमने सुरुवातीलाच बजावलं होतं की त्यांचा उपयोग मित्रांवर छाप पाडण्यापुरताच आहे. ज्याने स्वतःच्या बोटांत तो बदल अनुभवला त्याचं दुसऱ्याच्या सोयीमुळे काय कमी होणार?

चाहत्यांमधले चांगले लोक या वृत्तीपासून दूरच राहिले. २०२३मध्ये ‘स्ट्रॉबेरी जॅम’ नावाचा चाहत्यांनी मिळून केलेला एक प्रचंड संच आला. त्यात शंभराहून अधिक नकाशे आहेत, नवशिक्यापासून निष्णातापर्यंत पाच पायऱ्यांत लावलेले, आणि प्रत्येक पायरीवर त्या त्या करामती शिकवणारी ‘जिम’ आहे. फेअरवेल संपवून हात तयार झालेल्यांनी ते ज्ञान मागून येणाऱ्यांसाठी फुकट मांडून ठेवलं. आपल्याकडच्या तालमीत जुना पैलवान नव्याला डाव दाखवतो, त्यातलीच ही गोष्ट.

फेअरवेलच्या सोनेरी स्ट्रॉबेरीचा पाठलाग करणारा माणूस शेवटच्या पडद्यावर पोचतो तेव्हा त्याच्या मागे सबंध प्रकरण न मरता पार पडलेलं असतं. हा पडदा गेममधला सर्वांत लांब. मध्ये एकही चेकपॉइंट नाही. स्ट्रॉबेरी खांद्यामागे डुलत येत असते. बोटं घामेजलेली असतात, आणि तरी ती कळा बरोबर दाबत राहतात, कारण शेकडो वेळा इथे मरून त्यांना वाट पाठ झाली आहे. चुकलं तर पुन्हा पहिल्या पडद्यावर, म्हातारीच्या थडग्याशी. तिथून पुन्हा निघणारे पुष्कळ आहेत.